नदीत तेल आलं, मासा गेला: खानदेशातल्या मच्छीमारांनी कंपनीकडून भरपाई कशी मिळवायची

तापीकाठी पिकाचं नुकसान झालं की तलाठी येतो, सातबारा काढतो, पीकपाहणी बघतो आणि पंचनामा लिहितो. मदत किती आणि कधी मिळते हा वेगळा वाद, पण नुकसान झालं एवढं तरी कागदावर येतं. त्याच नदीत एखाद्या टँकरचं डिझेल उतरलं किंवा कारखान्याच्या टाकीतलं फर्नेस ऑइल नाल्यातून वाहत आलं, तर काठावरच्या भोई, कोळी, कहार, भिल्ल कुटुंबांना पहिला प्रश्न विचारला जातो: कागद शे का? पाण्याला सातबारा नाही. काल किती मासा निघाला होता, तो कोणी काढला, कोणाला विकला, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मेलेला मासा दोन दिवसांत सडतो, तेलाचा तवंग पुढच्या गावाला जातो आणि आठवड्याने साहेब येतात तेव्हा नदी स्वच्छ दिसते. कंपनीला खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

म्हणून या लेखाचा मोठा भाग कागद तयार करण्याबद्दल आहे. कायदे आपल्या बाजूने बऱ्यापैकी आहेत. लढाई हरते ती पुरावा नसल्याने, आणि तो पुरावा गोळा करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पहिल्या काही तासांत

आधी जीव. पेट्रोल-डिझेलची वाफ जमिनीलगत साचते, म्हणून काठावर विडी-सिगारेट नको, चूल नको, मोटारसायकल सुरू करणं नको. वारा आपल्या पाठीकडून वाहील अशा बाजूला उभं राहा. उघड्या हाताने तेलाला शिवू नका. पोरांना आणि गुरांना पाण्यापासून दूर ठेवा. पाण्यात जाळी असतील आणि तेल अजून लांब असेल तर ती काढून घ्या. तेल पोचलं असेल तर जाळ्याच्या नादाने पाण्यात उतरू नका.

११२ ला फोन करा, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर. फोन कोणी केला, किती वाजता केला, पलीकडून कोण बोललं, हे वहीत लगेच लिहा. फोनमधल्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पुढे "आम्हाला वेळेत कोणी कळवलंच नाही" हे वाक्य नक्की ऐकायला मिळतं.

खालच्या गावांना कळवणं हे आपलंच काम समजा. तापीचं पाणी भुसावळ पितं, धुळे शहराचीही तापीवर योजना आहे. हतनूर धरणाच्या खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत आणि पुढे नवापूरच्या बाजूला उकाईचं फुगवट्याचं पाणी. पाणीपुरवठ्याचा पंप वेळेत बंद झाला तर माणसं वाचतात. शिवाय पंप बंद केल्याची नोंद नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या लॉगबुकात राहते, आणि ती मच्छीमाराच्या हातची नसल्याने पुढे फार वजनदार ठरते.

टँकर असेल तर त्याच्या पाठीमागचा आणि बाजूचा धोक्याचा फलक लांबून, झूम करून टिपा. त्यावर चार आकडी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. वाहतूकदाराचा आपत्कालीन फोन नंबरही तिथेच असतो. वाहनाचा नंबर, टँकवर लिहिलेलं नाव, चालक कुठून कुठे निघाला होता, सगळं टिपून घ्या. क्रेन आली की हा पुरावा तासाभरात नाहीसा होतो.

एक काम मात्र कटाक्षाने टाळा. तवंग घालवायला साबणाची पावडर किंवा डिटर्जंट पाण्यात टाकू नका. तेल डोळ्यांआड होतं, पण बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं आणि माशाच्या कल्ल्यांना जास्त इजा करतं. तातडीने तेल अडवायचंच असेल तर नाल्याच्या तोंडाशी, नदीत उतरण्याआधी, कडब्याच्या पेंढ्या किंवा लाकडाचा भुसा भरलेली पोती आडवी लावता येतात. तेल प्यायलेला तो कडबा गुरांच्या तोंडी लागू देऊ नका आणि स्वतः जाळू नका. तो धोकादायक कचरा आहे, उचलून नेण्याची जबाबदारी ज्याचं तेल त्याची.

हे तेलच आहे का?

प्रश्न साधा वाटतो, पण उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर लोहयुक्त जिवाणूंचा चकचकीत थर येतो आणि तो हुबेहूब तेलासारखा दिसतो. काडीने ढवळून बघा. जिवाणूंचा थर काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटतो आणि तसाच राहतो. तेल असेल तर फुटलेला तवंग पुन्हा एकत्र येतो. ही चाचणी करताना सलग व्हिडिओ काढा. साहेबांना फोन करताना "तवंग काडीने ढवळला, परत जुळला, वास घासलेटसारखा आहे" असं सांगितलं तर तुमची तक्रार कोणी सहज उडवून लावत नाही.

तेलाचा प्रकार ओळखला तर किती घाई करायची तेही कळतं. डिझेल-पेट्रोल हलकं असतं. सुरुवातीलाच ते फार विषारी असतं आणि बरंचसं काही दिवसांत उडून जातं, म्हणजे पुरावाही उडून जातो. फर्नेस ऑइल जड आणि चिकट असतं. ते दगडांना, वाळूला, गवताला धरून राहतं, काही तळाशी बसतं आणि महिनोन् महिने थोडं थोडं सुटत राहतं. हलक्या तेलात पहिले दोन दिवस म्हणजे सर्वस्व. जड तेलात पहिल्या दोन दिवसांइतकंच महत्त्व तीन आणि सहा महिन्यांनंतरच्या नमुन्यांना आहे.

फोटो, व्हिडिओ आणि मेलेला मासा

फोनमध्ये तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश फोटोवर उमटवणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप टाका. फोटो तीन ठिकाणचे हवेत: तेल आलं त्या जागेच्या वरच्या अंगाला, जिथून आलं तिथे, आणि खालच्या अंगाला. वर मासा जिवंत आणि खाली मेलेला, ही तुलना सगळ्यात बोलकी. कारण कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: उन्हाळा आहे, पाणी कमी आहे, ऑक्सिजन संपला, शहराचं सांडपाणी आलं. ऑक्सिजन खरोखर पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून कोणाकडे मीटर असेल तर पहाटे आणि दुपारी, वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. मत्स्यपालनासाठी पाण्यात लिटरला निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. वरच्या अंगाला तो पुरेसा असेल तर "उन्हाळ्याने मासा मेला" हे उत्तर टिकत नाही.

तेलाच्या उगमापासून पाण्यापर्यंत चालत जात एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कापू नका. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतली तारीख-जागेची माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून तिसऱ्या माणसाकडे द्या.

मेलेला मासा किती, कोणता, केवढा हे मोजा. नदीभर मोजता येत नाही, पण काठाची शंभर पावलं धरून तेवढ्यातला प्रत्येक मासा मोजता येतो: रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाळा, झिंगा, वेगवेगळे. तपासणीसाठी ताजा मेलेलाच घ्या, डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल असलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, वर चिठ्ठी लावा आणि बर्फात ठेवा. जिवंत सापडलेल्या माशालाही घासलेटचा वास येत असेल तर तेही नुकसानच. व्यापाऱ्याने माल परत केला तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: अमुक तारखेला वास येतो म्हणून इतके किलो मासे घेतले नाहीत, खाली सही. आपण अनेकदा हा कागद मागत नाही, कारण व्यापाऱ्याशी रोजचा संबंध असतो. तरी मागा. तो मासा स्वतः खाऊ नका, शेजाऱ्याला वाटू नका.

तेलाने माखलेलं एक जाळं पुरावा म्हणून बांधून, सही-तारखेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. बाकीची धुतली तरी चालतील, ते एक धुऊ नका.

सरकारी नमुना

इथे थोडं थांबतो, कारण अनेक प्रकरणं याच जागी पडतात.

तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी तुमच्या माहितीसाठी उपयोगी आहे, पण कायद्यात चालतो तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना. जलप्रदूषण अधिनियम १९७४ च्या कलम २१ मध्ये त्याची रीत सांगितली आहे. ज्याच्या कारखान्यातून सांडपाणी आलं त्याला तिथेच नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भाग सीलबंद करून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, आणि विलंब न करता प्रयोगशाळेकडे पाठवायचे. कारखान्यातून घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यात ही रीत पाळली नाही तर त्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कंपनीचे वकील आधी तेच शोधतात. म्हणून अधिकारी नमुना घेतील तेव्हा मच्छीमार सहकारी संस्थेचे दोघे-तिघे तिथे हजर राहा आणि नोटीस दिली का, दोन भाग केले का, सील लावलं का, हे आपल्या वहीत वेळेसह लिहा. अडथळा आणायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त लिहायचं. मनापासून काम करणारे अधिकारीही आहेत, आणि समोर कोणी लिहीत असेल तर त्यांनाही आधार मिळतो.

तेलाचा नमुना काचेच्या, रुंद तोंडाच्या, स्वच्छ बाटलीत घ्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या भिंतीला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. एका बाटलीतून दुसरीत ओतायचं नाही. कोणत्या घटकांची तपासणी हवी ते लेखी मागा: तेल व ग्रीस, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची मापं), सामू (पीएच), आणि गाळातली हायड्रोकार्बन. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, ही मर्यादा पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मध्ये आहे. याशिवाय एक मागणी आवर्जून करा: नदीतलं तेल आणि कंपनीच्या टाकीतलं तेल, दोन्हींची गॅस क्रोमॅटोग्राफीने तुलना. त्यात प्रत्येक तेलाची आपली खूण दिसते. "हे तेल आमचं नाही, वरून कोणाचं तरी आलं" या उत्तरावर त्याच्याइतकं नेमकं दुसरं औषध नाही.

मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावला आहे आणि त्यावर नाशिकचं प्रादेशिक कार्यालय. तेल गुजरातच्या हद्दीपर्यंत, उकाईच्या पाण्यापर्यंत गेलं असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाही प्रत पाठवा, कारण तिथे दोन राज्यांचा संबंध येतो.

पंचनामा आणि पोलीस

तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातला अधिकारी, या सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा आणि संयुक्त पंचनामा मागा. वेगवेगळे पंचनामे झाले की आकडे जुळत नाहीत आणि तो फरक कंपनी वापरते. पंचनाम्यात होड्या किती, जाळी किती, मेलेला मासा किती आणि मासेमारी कोणत्या तारखेपासून बंद, हे चार मुद्दे आलेच पाहिजेत. वाचून घेतल्याशिवाय सही नको. चुकीचं काही असेल तर सहीच्या वर "हा मजकूर मान्य नाही" असं लिहिता येतं. प्रमाणित प्रत मागून घ्या.

पोलिसांत तक्रार लेखी द्या. भारतीय न्याय संहितेत विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणासाठी कलम २८६ आणि सार्वजनिक जलाशयाचं पाणी घाण करण्यासाठी कलम २७९ आहे. गुन्हा नोंदवला नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा, पोच सांभाळा.

आपण मच्छीमार आहोत हे सिद्ध करणं

नुकसान सिद्ध झालं तरी दुसरा प्रश्न उरतो: कोणाचं? जेएनपीटी बंदराच्या कामामुळे पारंपरिक मासेमारी गेलेल्या कोळी कुटुंबांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या विशेष न्यायालयाच्या, पुणे पीठाने २०१५ साली १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटी रुपयांचा आदेश दिला. तिथे कारण तेल नव्हतं, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण कुटुंबांची यादी हातात होती म्हणूनच इतका नेमका आदेश होऊ शकला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तेल पसरलं तेव्हा तामिळनाडू सरकारची मदतही यादीप्रमाणेच गेली: २,३०१ कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये आणि ७८७ होड्यांना प्रत्येकी १०,००० रुपये. यादीबाहेर राहिलेल्याला नंतर भांडत बसावं लागतं.

संस्थेकडे जलाशयाच्या ठेक्याचा करार, सभासद नोंदवही, मत्स्यबीज आणि बोटुकली (बोटभर वाढलेली माशांची पिल्लं) खरेदीच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या असतात. त्या एका फाइलमध्ये लावा. सभासदाकडे भागदाखला, किसान क्रेडिट कार्ड, केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवरची नोंदणी, बर्फाची बिलं आणि व्यापाऱ्याने फोनवर टाकलेले पैसे असतील. त्या ऑनलाइन जमा रकमांचं बँक स्टेटमेंट हा आजच्या घडीचा फार चांगला पुरावा आहे. होड्यांना आणि तराफ्यांना संस्थेने क्रमांक घालावेत, रंगाने लिहावेत आणि मालकासह फोटो काढावा.

सभासद नसलेल्यांचं काय? गळ टाकून पोट भरणारा, खेकडे-झिंगे धरणारं भिल्ल कुटुंब, टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई, वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या करणारे. यांना वगळून केलेली यादी अन्यायाची आहे, आणि वगळलेल्यांनाच पुढे कंपनी जवळ करते म्हणून ती धोक्याचीही आहे. त्यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्या: अमुक कुटुंबं पूर्वापार या नदीवर जगतात. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या भागात वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(घ) लक्षात ठेवा. पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. सामूहिक दावा मंजूर असेल तर तो पाण्याच्या सातबाऱ्याच्या सगळ्यात जवळचा कागद आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा द्यायचं ठरवलं. अर्ज लिहिताना त्याचा उल्लेख करा आणि पिकाच्या पंचनाम्यासारखाच पंचनामा मागा.

नुकसानीचा हिशेब

इथे अंदाजपंचे आकडा घालू नका. "एक कोटी द्या" म्हणणाऱ्या अर्जापेक्षा तीन पानी कोष्टक जास्त काम करतं. रीत अशी. एका होडीला रोज सरासरी ६ किलो मासा, भाव १५० रुपये, म्हणजे ९०० रुपये. बर्फ-इंधनाचे १५० वजा केले की ७५० उरतात. महिन्याला २२ दिवस धरले तर १६,५०० रुपये. अशा ४० होड्या असतील तर महिन्याचं नुकसान ६,६०,००० आणि तीन महिन्यांचं १९,८०,०००. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, आपापल्या वहीतले घाला. वही नसेल तर व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आणि बँक स्टेटमेंटवरून मागच्या दोन वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी काढा. त्याच महिन्यांची, कारण पावसाळ्यातला आणि वैशाखातला मासा सारखा निघत नाही.

मग पुढची नुकसानं. मेलेली बोटुकली. पावसाळ्यात अंडी घालणारा मोठा मासा गेला तर पुढच्या हंगामाची पिल्लंही गेली. खराब जाळी, होडीची सफाई. भाव पडणं, कारण "तापीचा मासा नको" ही अफवा बाजारात महिनाभर तरी राहते. दवाखाना. वाडीचं पाणी. गुरं. राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईची शीर्षकं दिलेली आहेत. त्यांत रोजगार-व्यवसायाचं नुकसान, मालमत्तेचं नुकसान, जलचर आणि दुभत्या-ओढकाम करणाऱ्या जनावरांचं नुकसान, आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च ही सगळी येतात. आपलं कोष्टक त्याच शीर्षकांनी लावा, वकिलाचं निम्मं काम होतं.

कंपनीचा माणूस पाकीट घेऊन येतो तेव्हा

तो येतोच, आणि बहुधा लवकर येतो. घरात चूल पेटलेली नसते, हातात रोख असते आणि सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला कागद असतो. त्यात कुठेतरी "संपूर्ण व अंतिम तडजोड" किंवा "यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं वाक्य दडलेलं असतं. त्यावर सही करू नका. पैशांची गरज असेल तर घ्या, त्यात लाज नाही, पण पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: "तातडीची अंशतः मदत म्हणून, पुढील भरपाईचा हक्क राखून स्वीकारली." हे लिहू देत नसतील तर ते पैसे मदतीचे नाहीत, तुमचा हक्क विकत घेण्याचे आहेत.

नायजेरियातल्या बोडो या मच्छीमार वस्तीचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. २००८ मध्ये शेल कंपनीच्या पाइपलाइनमधून तिथल्या खाड्यांमध्ये दोनदा तेल गेलं. सुरुवातीला गावापुढे ठेवलेली रक्कम काही हजार पौंडांची होती. गावाने ती मानली नाही, लंडनच्या न्यायालयात दावा नेला, आणि तेल किती गळलं याचा कंपनीचा अंदाज फार कमी असल्याचं पुढे आलं. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने ५.५ कोटी पौंड मान्य केले: ३.५ कोटी सुमारे १५,६०० लोकांना वाटून आणि २ कोटी गावाच्या सामूहिक कामांसाठी. सात वर्षं लागली, आणि खाड्यांच्या सफाईचं काम त्यानंतरही रेंगाळलं. दोन गोष्टी त्यातून घ्याव्यात. गळतीचा आकडा कंपनीच्या तोंडचा मानायचा नाही, आणि भरपाईत सफाईची अट वेगळी, तारखेसह लिहून घ्यायची.

बोलणी कधीच एकट्याने करू नका. सात-नऊ जणांची समिती करा. त्यात बाया हव्यात, सभासद नसलेला एक तरी हवा, सगळ्या समाजांचे हवेत. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा, त्याच दिवशी वाचून दाखवा. कंपनीच्या माणसाला समितीतल्या एखाद्याने हॉटेलात भेटणं बंद.

खरा जबाबदार कोण, हेही शोधावं लागतं. टँकरचा मालक एक, वाहतूकदार दुसरा, तेल ज्याचं तो तिसरा, विमा कंपनी चौथी. सगळ्यांना नोटीस द्या, आपसात त्यांनी ठरवावं. कारखाना असेल तर माहितीच्या अधिकारात प्रदूषण मंडळाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचे कागद हे:

या घटनेबाबत कंपनीने जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम ३१ खाली दिलेल्या सूचनेची प्रत, वेळेसह.
कंपनीचं चालू संमतीपत्र आणि त्यातल्या अटी.
मागच्या तीन वर्षांतल्या तपासण्या, कारणे दाखवा नोटिसा आणि निर्देश.
या घटनेत घेतलेल्या सगळ्या नमुन्यांचे अहवाल.
कंपनीचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र.

दुसरा अर्ज तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे: त्या आठवड्यात धरणातून आणि बॅरेजमधून तासागणिक किती विसर्ग सोडला. तेल किती वेळात कुठे पोचलं, हे त्यावरून मांडता येतं.

दाद कुठे मागायची

पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. धोकादायक पदार्थ हाताळताना, वाहतुकीतसुद्धा, अपघात झाला तर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम १९९१ खाली जिल्हाधिकारी तातडीची मदत देऊ शकतात. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. अर्ज अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा. रक्कम मर्यादित असते, पण ती घेतल्याने मोठा दावा बंद होत नाही. लवादाकडे जाताना ती मिळाल्याचं सांगावं मात्र लागतं.

मुख्य जागा राष्ट्रीय हरित लवादाचं पुणे पीठ. महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे उकाईकडचे मच्छीमारही त्याच अर्जात येऊ शकतात. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे. इतर आदेश, म्हणजे कारखाना थांबवणं किंवा मंडळाला कारवाई करायला लावणं, कलम १४ खाली येतात आणि तिथे फक्त सहा महिने मिळतात. उशिराचं योग्य कारण दाखवलं तर दोन्हींत आणखी ६० दिवस. सहा महिने म्हणजे एक पावसाळा आणि दिवाळी, बघता बघता संपतात. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क लागतं, किमान १,००० रुपये. वरच्या उदाहरणातल्या १९,८०,००० साठी १९,८०० रुपये होतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. कागद इंग्रजीत द्यावे लागतात, मराठी पंचनाम्याचं भाषांतर जोडावं लागतं. लवाद कंपनीची चूक सिद्ध होण्याची वाट न बघता भरपाई देऊ शकतो, कलम १७ तसंच म्हणतं. "जो प्रदूषण करतो तो भरतो" हे तत्त्व कलम २० मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ओलियम वायुगळती प्रकरणात धोकादायक उद्योगावर पूर्ण दायित्व घातलं, तेव्हापासून "आम्ही काळजी घेतली होती" हा बचाव अशा उद्योगाला पुरत नाही. मुंबईजवळ २०११ साली बुडालेल्या एमव्ही रॅक जहाजाच्या तेलगळतीसाठी लवादाने २०१६ मध्ये जहाज कंपनीवर १०० कोटी रुपये बसवले.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक आपत्तीतल्या पीडितांना मोफत वकील देतं. हेल्पलाइन १५१००.

अर्जात पैशाखेरीज हेही मागा: तारखेसह सफाईचा आराखडा, त्रयस्थ प्रयोगशाळेकडून दोन वर्षं पाणी-गाळ-माशांची तपासणी, कंपनीच्या खर्चाने बोटुकली सोडणं, नाल्यावर तेल अडवणारी टाकी. आणि तोवर दरमहा अंतरिम निर्वाहभत्ता, कारण निकाल येईपर्यंत घर चालायला हवं.

आदेश झाल्यावरसुद्धा पैसे आपोआप येत नाहीत. लवादाचा आदेश कलम २५ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. विरुद्ध पक्ष ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. तो गेला आणि स्थगिती मागितली तर रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट घालावी, अशी विनंती आपल्या वकिलाकडून करून घ्या. वाटप यादीप्रमाणे थेट बँक खात्यात व्हावं, कुटुंबात पती-पत्नी दोघांच्या नावाने, हेही अर्जातच लिहा. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, हरकतींना पंधरा दिवस द्या.

तुमच्या नदीत आज तेल आलेलं नसेल तर या आठवड्यात एवढं करा: संस्थेच्या नावाने एक जाड वही घ्या. रकाने असे: तारीख, नाव, होडी क्रमांक, जाळ्याचा प्रकार, मासा कोणता, किती किलो, भाव, कोणाला विकला, सही किंवा अंगठा. महिन्यातून एकदा अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का घ्या, आणि तिमाहीला तिची एक छायाप्रत मत्स्यव्यवसाय कार्यालयात आवक क्रमांक घेऊन जमा करा.